गवताची गाडी सुरू होत नाही

सोलापूर,
गुरुवार दुपार

प्रिय सृष्टी,

चन्नवीरच्या हातात माझं पाकीट बघून घाबरू नकोस. तो उद्या गॅरेजचे पार्ट आणायला हैदराबादला निघालाय. म्हटलं, सृष्टीच्या बँकेत जाऊन तिला एवढं देऊन ये. आत्ता अण्णांचा डोळा लागलाय. मैदानावरच्या आपल्या एका खोलीच्या क्वार्टरमध्ये फोनवर बोललेलं सगळं त्यांना ऐकू जातं, आणि काही गोष्टी माझ्या तोंडातून निघतच नाहीत. म्हणून लिहायला बसले. शाळा सुटल्यापासून एवढं लांब काही लिहिलं नव्हतं, चुका काढत बसू नकोस.

यंदा भादव्यात पाऊस लागून राहिला आणि मैदानावरचं गवत पोटरीएवढं झालं. एरवी इथल्या उन्हात ती हिरवळ जगवताना अण्णा किती राबायचे ते तू बघितलंयस. नळाला पाणी येईल तेव्हा पाइप ओढत पळायचं, टँकरवाल्याच्या विनवण्या करायच्या. यंदा गवत आपोआप आलं, तर कापायला गवताची गाडी सुरू होईना. शाळांचे सामने तोंडावर आलेत. मैदानाच्या मंडळाचे सेक्रेटरीसाहेब येऊन बघून गेले. ते चांगलंच बोलले, म्हणाले, हिंदुराव, बाहेरून माणूस लावतो, तुम्ही आराम करा. अण्णांनी मान हलवली आणि ते गेल्यावर मला म्हणाले, “आराम करून करून लई कटाळा आलाय. एवढं मैदान मीच कापणार हाय.”

ती गाडी आली तो दिवस तुला आठवत असेल. पुण्याच्या कुठल्याशा क्लबानं जुनी झाली म्हणून आपल्या मैदानाला दिली होती. टेम्पोतून उतरवली तेव्हा अण्णा तिच्याभोवती नुसते फिरत राहिले. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात बैलांमागं वाढलेला तुझा बाप, इथं आल्यावर वर्षानुवर्षं हातानं मशीन ढकललं, आणि आता खुर्चीत बसून गवत कापायचं म्हणजे त्यांना लाजल्यासारखं झालं होतं. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पण एकदा हात बसल्यावर, तुझा एकदाचा हट्ट सोडला तर, त्या सीटवर त्यांनी दुसऱ्या कुणाला टेकू दिलं नाही. पात्याची वस्तू आहे, म्हणायचे, चूक झाली तर माणसाचा पाय जाईल.

आधी आम्हाला वाटलं बॅटरीच उतरली असेल. तारांच्या टोकांना पांढरी भुकटी धरली होती, ती मी गरम पाण्यानं धुतली आणि अण्णांनी पॉलिश पेपरनं टोकं घासली. किल्ली फिरवली तर टक असा आवाजसुद्धा नाही. मग चन्नवीरला बोलावलं. त्यानं मीटर लावला तर बॅटरी भरलेली होती, तरी मनाच्या समाधानासाठी स्वतःची बॅटरी जोडून बघितली. फ्यूज बघितला. जुनं पेट्रोल काढून नवं घातलं, प्लग साफ केला. ब्रेकचं पायडल पूर्ण दाबल्याशिवाय ती गाडी सुरू होत नाही, म्हणून तो अण्णांना म्हणाला, जोरात दाबा. अण्णांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं, पायात होता नव्हता तो जोर घातला. मानेच्या शिरा वर आल्या. चन्नवीरनं वाकून बघितलं, पायडल खालपर्यंत गेलं होतं. पातं फिरवायचा दांडाही बंदच होता, तो चालू राहिला तरी ती अडते. तरी गाडी मेल्यासारखी. हे सगळं चाललेलं असताना अण्णा कायम सीटवर आणि चन्नवीर खाली गवतात गुडघ्यावर. आपण वर बसून बघावं असं त्याला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी अण्णा उतरले नसते.

सृष्टी, अण्णांच्या पोटाच्या ऑपरेशननंतर तू परत गेलीस, तेव्हापासून त्यांना तू फोनवरच बघतेस. व्हिडिओत ते भरलेले दिसतात ना? तुझा फोन यायची वेळ झाली की ते शर्टाच्या आत बनियनवर बनियन घालतात, वरून स्वेटर, आणि मला म्हणतात, फोन जरा लांब धर. दाढी ठेवलीय ती गालांचे खड्डे दिसू नयेत म्हणून. तू म्हणालीस, अण्णा, दाढी शोभते तुम्हाला, तर दिवसभर खुशीत होते. आता त्यांना भाकरी उतरत नाही. पातळ कण्या, ताक, तेही कधी राहतं, कधी परत येतं. भाकरीच्या वासानं ते उठून बाहेर जातात, म्हणून मी शेजारच्या घरी जाऊन भाकरी थापते आणि तिथंच उभ्यानं खाऊन येते.

परवा चन्नवीर परत आला. थोडा वेळ किल्ली फिरवून अण्णा दमले आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसले. चन्नवीर मीटरची वायर हातात धरून होता, त्यानं मला हाक मारली, “काकू, जरा वर बसा आन् मी म्हणल्यावर किल्ली फिरवा.” मी पदर खोचला आणि चढले. त्यानं सांगितलं तसं पायडल दाबलं, किल्ली फिरवली, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. माझं अंग थरथरत होतं त्या आवाजानं. मला वाटलं त्यानं काहीतरी दुरुस्त केलं. मी हसून त्याच्याकडे बघितलं तर त्याच्या हातातली वायर अजून कुठं लावलेलीच नव्हती, आणि तो माझ्याकडे बघायला तयार नव्हता.

अण्णा उठून आले, जवळजवळ पळतच. गाडी बंद करायला लावली, मला उतरवलं आणि स्वतः बसले. किल्ली फिरवली. काही नाही. मला म्हणाले, “तू बस बरं परत.” मी बसले, सुरू झाली. मग पुन्हा ते. पुन्हा काही नाही. मग त्यांनी किल्ली सोडली आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून तसेच बसून राहिले. सीटखाली एक बटण असतं म्हणे, स्प्रिंगवर. माणसाच्या वजनानं ते दाबलं गेलं तरच गाडीला कळतं की वर कुणी बसलंय. हे मला चन्नवीरनं नंतर सांगितलं. अण्णांना सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, “सृष्टी बारकी होती तवा हट्ट करून हितं बसली होती. तवा पण ही अशीच गप होती. मी तिला म्हणलं, अजून चार घास जेव, मग चालू व्हईल.” एवढं बोलून ते हसले. मला त्या हसण्याकडे बघवेना.

चन्नवीर बिचारा म्हणाला की बटण खराब झालंय, तोवर वायर जोडून देतो, बटणाशिवाय चालेल. अण्णा नको म्हणाले. “मला भवळ येती. वरनं पडलो तर पातं थांबलं पायजे. म्होरं कोण असंल.” मग चन्नवीर म्हणाला, हैदराबादहून नवं बटण आणतो. अण्णा म्हणाले, आण. बटणात काही बिघाड नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, मलाही. त्यांनी किल्ली काढली, रुमालानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

आता गवत मी कापते. ते खुर्ची टाकून कडेला बसतात आणि हातानं दाखवतात, इकडं घे, वळव, सावकाश. माझे पट्टे वाकडे येतात. पूर्वी असते तर उठून ओरडले असते. काल मी मुद्दाम एक पट्टा सोडून दिला, म्हटलं बघू काही बोलतात का. त्यांनी बघितलं आणि डोळे मिटून घेतले. गाडीच्या आवाजात मी मोठ्यानं रडले, कुणाला कळलं नाही.

गणपतीच्या आधी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं की आता केमो नको, शरीर सोसणार नाही, घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या. दवाखान्याच्या दारातच अण्णांनी माझ्याकडून शब्द घेतला की तुझी नोकरी पक्की होईपर्यंत तुला सांगायचं नाही. तो मी आज मोडते आहे. रविवारी तू फोनवर रजेचं विचारलंस तेव्हा ते तुला किती खणखणीत म्हणाले, मी झकास हाय, रजा वाया घालवू नको, दिवाळीला निवांत ये. फोन ठेवल्यावर मला विचारलं, “दिवाळी कवा हाय गं?” मी सांगितलं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, “तवर जमंल का मला?” इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला असं कधी काही विचारलं नव्हतं. मी उठून चुलीकडे गेले. म्हणून हे लिहिलं. हे वाचशील त्याच दिवशी रात्रीच्या गाडीत बस. रडायचं ते गाडीत रडून घे. आणि निघताना फोन करू नकोस. केलास तर ते फोन हातात घेतील, मी बरा हाय म्हणतील, आणि तू ऐकशील. आजवर त्यांचं सगळं ऐकलंस, पोरी. एवढं एक ऐकू नकोस.

तुझीच,
आई