कॅमेऱ्यात उरलेल्या एका फोटोबाबत

मी, बब्रुवान दगडू साळुंके, वय चौऱ्याहत्तर, धंदा विहिरीच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरणे, राहणार सास्तूर, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, स्वतःच्या हातानं लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. बायकोचं मत वेगळं आहे, पण ते लग्नापासूनच वेगळं आहे.

१. घर व शेत माझ्यामागं पत्नी लक्ष्मीबाईचं, तिच्यामागं मुलगा योगीराजचं.

२. पाने, पक्कडी, मोटारी भरायचं मशीन योगीराजला. माझी चांगली पक्कड नेऊन वर "कोणती पक्कड?" असं विचारणारा मला ठाऊक आहे. त्यानं ती दहाव्याच्या आत आणून ठेवावी, नाहीतर माझा कावळा पिंड सोडून त्याच्याच पत्र्यावर बसेल.

३. कॅमेरा नात हर्षालीला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो, तेव्हा मदतीला आलेल्या एका परदेशी बाईनं जाताना तो मला दिला. बटण दाबलं की फोटो जीभ काढल्यासारखा तिथंच बाहेर येतो. पुढं फिल्म मिळेना, म्हणून पेटीत पडून होता. गेल्या साली हर्षालीनं पुण्याहून फिल्म आणली. मी आतले रूळ पुसले, बटण दाबलं, आणि खर्रकन आमची म्हैस बाहेर आली! त्या दिवशी मला जेवणाची शुद्ध नव्हती. मोबाईलात हजार फोटो असतात, बघतं कोण? इथं एकच निघतो, आणि सगळे डोक्याला डोकं लावून रंग चढायची वाट बघतात. योगीराजनं कॅमेरा शोकेसात ठेवू नये. फोटो निघाला की पालथा ठेवावा, लक्ष्मीबाईसारखा सुपात घेतल्यागत पाखडू नये.

४. दसऱ्याला हत्यारं पूजताना लक्ष्मीबाईनं कॅमेऱ्याच्या भिंगालाही कुंकू लावलं. मला पत्ता नाही. चुलतभाऊ गौरीशंकर नवा फेटा बांधून समोर बसला, आणि फोटोत शेंदूर फासलेला म्हसोबा आला. तेव्हापासून तो रुसलाय. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार नाही असा साक्षीदार घ्या. म्हणून गौरीशंकर.

५. मेल्यावर माझा फोटो स्टुडिओवाल्या कृष्णराजकडं देऊ नये. तो मेलेल्याला कॉम्प्युटरवर सूट घालतो आणि मागं ढग सोडतो. जन्मात टाय बांधला नाही, आता कुणाच्या वरातीला जायचंय?

६. खरी अडचण ही. लक्ष्मीबाईचा आधार कार्डाशिवाय एकही फोटो नाही, आणि त्यात ती कोंबडी चोरताना धरल्यासारखी दिसते. ती आधी गेली तर कृष्णराज तोच मोठा करील, आणि मला रोज त्या चेहऱ्यासमोर भाकरी खावी लागेल. कॅमेऱ्यात एकाच फोटोपुरती फिल्म उरली आहे, ती तिच्यासाठी राखली आहे. पण कॅमेरा दिसला की ती तोंडाला पदर लावते. "दात पडल्यात माझे. हसताना फोटो काढला तर लोक काय म्हणतील?" माझ्या हातून राहिलं तर हर्षालीनं काढावा. हसतानाच.

पुरवणी: हे साक्षीदारांना वाचून दाखवत होतो. सगळं ऐकून झाल्यावर गौरीशंकर ताडकन उठला. "दादा, म्हसोबा कुणाला म्हणताव? म्या इथंच बसलोय!"

लक्ष्मीबाई चहा घेऊन आली होती. "बसा भावजी. म्हसोबा उठला की बोकड लागतंय, अन् मी नुसता चहा केलाय." आणि आपल्याच बोलण्यावर, तोंडाला पदर न लावता हसली.

कॅमेरा मांडीवरच होता. दाबला.

सबब कलम सहा रद्द. फोटो उमटेपर्यंत सह्या थांबवल्या. भिंग या वेळी मी पुसलेलं होतं. कुंकू जिथं असावं तिथंच आलं, तिच्या कपाळावर.

सास्तूर, दि. ९ नोव्हेंबर २०२५
सही: बब्रुवान दगडू साळुंके

साक्षीदार:
१. तारामती, शेजारीण. सही केली. फोटो बघितला, लई ग्वाड आलाय.
२. गौरीशंकर, चुलतभाऊ. सही केली. म्हसोबा मान्य न्हाय.