घाबऱ्याचा हात

धुळे,
१२ फेब्रुवारी १९९७

प्रिय आधार,

तुझं पत्र पोचलं. मेसच्या जेवणाची तक्रार नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे आम्ही मजेत आहोत. नानांचा खोकला थांबलाय, पण काढा प्यायला अजून लहान मुलासारखे तोंड फिरवतात. घाबऱ्याची चौकशी केलीस, म्हणून आज ड्युटीवरून आल्या आल्या लिहायला बसले.

तुमच्या कॉलेजच्या प्रदर्शनाला मी जळगावला आले होते, आठवतं? तुझ्या वर्गातल्या शालिग्रामचा रोबो पाढे म्हणायचा, राजधान्या सांगायचा. लोक शाबास म्हणून पुढे सरकायचे. तुझा घाबऱ्या म्हणजे पत्र्याचा डबा, बल्बचे डोळे आणि रबरी हात. हात दाबला की पोटातल्या टेपमधून तुझ्याच आवाजात म्हणायचा, ‘हळू ना, मला भीती वाटते.’ त्याच्यासमोरून मात्र कोणी हलेना. एक म्हातारी तर आजूबाजूला बघून त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मला हसू आलं होतं. इतकी वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढल्यावर पत्र्याची कसली कीव? सुट्टीनंतर तू तो घरीच ठेवून गेलास, तेव्हा मी त्याला मुलांच्या वॉर्डात नेलं ते निव्वळ करमणूक म्हणून.

तिथे अमळनेरची मेहरुन होती. आठ वर्षांची. दिवाळीच्या सुमारास स्टोव्हचा भडका उडून तिचा उजवा हात भाजला होता. ड्रेसिंगचा ट्रे दिसला की ती पलंगाखाली शिरायची. तिची आई कनीज दाराबाहेर कानावर हात ठेवून बसायची. एकदा मी सहज घाबऱ्याचा हात मेहरुनच्या डाव्या हातात दिला. तिने तो घट्ट दाबला असणार, कारण घाबऱ्या म्हणाला, ‘हळू ना, मला भीती वाटते.’ मेहरुन रडायची थांबली. त्याच्याकडे वाकून म्हणाली, “डर मत रे, अभी हो जाएगा.” त्याची समजूत काढण्यात तिचं ड्रेसिंग कधी झालं, तिलाच कळलं नाही. तेव्हापासून रोज तसंच.

आमची आया झुंबरबाई त्याच्यावर टॉवेल पांघरते. मी चिडवलं तर म्हणाली, “यंतर शे, माले माहीत शे. पन तो घाबरस तं मन मानत नही.” मीसुद्धा ट्रे त्याच्याजवळ जपून ठेवायला लागले होते.

जखम भरली, पण मेहरुनची बोटं एकमेकांना चिकटली. ती सोडवायला ऑपरेशन ठरलं आणि ती तयारही झाली. नेमका त्याच आठवड्यात घाबऱ्या ट्रॉलीवरून पडला. आता हात दाबला की नुसती खरखर येते. मेहरुनला वाटतं, त्याचा घसा दुखतोय. आमचा इलेक्ट्रिशियन स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, तर ती घाबऱ्यावर आडवी पडली. तो म्हणाला, “सिस्टर, डबाच आहे हो.” मी त्याला परत पाठवलं. वॉर्डात कोणी हसलं नाही.

तुझ्या नव्या यंत्राला घाबऱ्याच्या टेपची मोटर हवी आहे असं तू लिहिलंस, ते मी विसरले नाही. पण आधार, मोटर दुसरी मिळेल. डॉक्टर म्हणतात, उशीर केला तर बोटं तशीच राहतील. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे आणि मेहरुनची अट एकच आहे: आधी घाबऱ्याचं, मग माझं, आणि तेही तिच्यासमोर. त्याचा हात तीच धरणार आहे. म्हणून हे पत्र. आदल्या दिवशी, बुधवारी सकाळच्या बसने दुरुस्तीचं सामान घेऊन ये. आणि पहिला स्क्रू काढण्याआधी त्याला सांग, थोडं दुखेल, पण मी इथेच आहे. मेहरुन कान देऊन ऐकत असेल. खरं सांगू? मलाही ते ऐकायचंय.

वाट पाहणारी,
तुझीच आई