पालथं झोपायची सक्ती

उंद्री, १४ एप्रिल २०२१

चि. भागवतभाऊजींस अ. उ. आ.

फोनवर दवाखान्याचं नाव काढलं की तुम्ही फोन कापता, म्हणून हे पत्र बुलढाण्याच्या दूधगाडीवर देते. पत्राला लाल बटण नसतं.

तुमची बायको वंदना सांगत होती, ऑक्सिजन नव्वदच्या खाली गेला तरी तुमच्या मते बोटाला लावायचं यंत्रच बिघडलं आहे. खरं कारण मला माहीत आहे. मागच्या जूनमध्ये तुमचे दादा दाखल झाले ते परत आले नाहीत. त्या दवाखान्याची धास्ती माझ्याइतकी कोणाला असेल? तरी मीच म्हणते, जा. शेजारचे बशीरभाई तिथूनच बरे होऊन आले आणि आल्या आल्या बांधावरून माझ्याशी भांडले.

उद्यापर्यंत दाखल झाला नाहीत तर दुधाच्या कॅनशेजारी बसून मीच येईन.

लोभ आहे, पण आज तो रागात आहे.

जयमाला

बुलढाणा, १९ एप्रिल

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

दाखल झालो. कॅनशेजारी बसलेल्या वहिनीची भीती जास्त होती. बोललं की दम लागते, म्हणून मोबाइलवर लिहून राह्यलो.

इथं मले पालथं झोपवतात. लहानपणी पालथं झोपलो की आई धपाटा घाले, इथं उताणा झालो की सिस्टर ओरडते. काऊन म्हणून विचारलं, तर म्हणे त्यानं फुफ्फुसं मोकळी होतात. औषधंही आता वेळ पाहून देतात, घशात नळी घालायची घाई करत नाहीत.

एक गोष्ट लिहू की नको, ठरत नव्हतं. सिस्टर म्हणाली, मागच्या वर्षी सुरुवातीले आमाले हे समजलंच नव्हतं. दादाले उताणंच ठेवलं होतं, वहिनी. हे ऐकल्यापासून मले पालथं व्हावंसंच वाटत नाही. जे दादाले भेटलं नाही ते मी कसं घेऊ? सिस्टरची पाठ फिरली की मी उताणा होतो.

तुमचा राग असाच राहू द्या.

भागवत

उंद्री, १९ एप्रिल, संध्याकाळ

चि. भागवतभाऊजींस अ. उ. आ.

तुमचं वाचून गॅस बंद केला आणि परसात जाऊन बसले. आधी कळलं असतं तर, एवढंच मनात येत होतं. रागवायला कोणी सापडेना.

मग वाटलं, डॉक्टर हे शिकले ते तुमच्या दादांसारख्यांना पाहूनच ना. तुमच्या दादांना स्वतः कोणाला शिकवणं कधी जमलं नाही. तुम्हाला सायकल शिकवताना बाभळीत घातलं. मला स्कूटी शिकवताना स्वतःच घाबरून उतरले. त्यांच्यापासून कोणी काही शिकलं असेल तर ते हे एकच. ते तरी वाया घालवू नका. पालथे व्हा.

लोभ असू द्या. उत्तराची घाई नाही. लिहायला तुम्ही उताणे व्हाल, हे मला पक्कं माहीत आहे.

जयमाला