उलट्या पायांचं भूत

खोडद,
१२ सप्टेंबर २००४

प्रिय कुंडलिक,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळी ठणठणीत आहेत. फोनवर तू "बोल आक्का, लवकर बोल" करतोस आणि घाईत मला काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसले. आई विचारते आहे, तू जेवतोस की नुसत्या चहावर राहतोस? टीव्हीवर तुझं नाव येतं पण तू दिसत नाहीस. तू फार बारीक झाल्यामुळे दाखवत नसतील, असं तिनं मनाशी ठरवून टाकलंय.

शनिवारी सात वाजता तुझी 'भूतपकड चौकी' लागली की अर्धी आळी आपल्या घरात असते. शेवटी लेखकाचं नाव येतं ते इतकं भरभर जातं की वाचून होत नाही, पण तेवढ्यासाठी आई सगळ्यांना चहा पाजते. तुझा तो हवालदार दणके वेताळाला बेड्या घालतो, मुंजाला पिंपळावरून खाली उतरवून लायसन मागतो. हसून हसून माझं पोट दुखतं रे. मग वेळ संपत आली की दणके दांडकं काढतो, मागून हसण्याचा आवाज येतो, आणि भूत पटापट सगळं कबूल करतं. आणि गुन्हाही दर वेळी त्याचाच निघतो. दणके कधी चुकतच नाही.

काल ते उलट्या पायांचं भूत होतं. तळव्यांवर मारायला दणके त्याला पालथं घालतो तर पाय भलतीकडे, उताणं करतो तर आणखी भलतीकडे. आळी लोळून हसत होती. माझी हर्षाली तर खाटेवरून खाली पडली. आबाही हसले, अगदी मनापासून. आणि हसू ओसरल्यावर, कालवणात मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाले, "आसं न्हाई मारत. आदी पाय पान्यात ठिवाय लावत्यात, मंग मारत्यात. वळ उठत न्हाई." लोकांना वाटलं म्हातारा गंमत करतोय, ते पुन्हा हसले. मी आणि आई मात्र एकमेकींकडे बघत राहिलो.

कुंडलिक, आबा खडकावरून पडले म्हणून मेंढरं विकली, असं आम्ही तुला सांगत आलो. ते खरं नाही. नव्वद साल होतं, तू दहा वर्षांचा, मामाकडे शाळेला. आपली मेंढरं कुशाबांच्या रानात तीन रात्री खतासाठी बसवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या विहिरीवरची मोटार गायब. आबांना चौकीत नेलं आणि साहेबांनी विचारलं, रात्री रानात कोण आलं होतं? दुसरा कुणी असता तर डोळा लागला होता म्हणून मोकळा झाला असता. पण राखणीला बसलेल्या मेंढपाळानं डोळा लागला म्हणायचं म्हणजे अब्रूच गेली. आबांनी ताठ मानेनं सांगितलं, "माज्या कुत्र्यांना चुकवून तितं चिटपाखरू येत न्हाई." साहेब म्हणाले, मग दुसरं कुणी आलंच नाही, म्हणजे तूच.

दोन दिवस तळव्यांवर मारलं. शेवटी आबा हो म्हणाले. मारापेक्षा ते हो म्हणणं त्यांना जास्त लागलं, असं त्यांनी आईला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. आठवड्यानं मोटार कुशाबांच्या पुतण्याच्या उसात सापडली. तो रोज आपल्या कुत्र्यांना भाकरी टाकायचा, ती त्याच्यावर भुंकणार कशाला? मग आबांना सोडलं, जा म्हणाले. कुशाबा घरी आले, नुसती गुळाची ढेप ठेवून गेले. आबांचे कळपामागं चालणारे पाय राहिले नव्हते, म्हणून मेंढरं विकली. आणि तुला सांगायचं नाही अशी आबांनी मला शपथ घातली. शिकणाऱ्या पोराच्या डोक्यात पोलीस नको, म्हणाले.

तुझा यात काही दोष नाही, तुला कुठं ठाऊक होतं? मला ठाऊक होतं आणि तरी मी दर शनिवारी हसत होते. माझी मलाच लाज वाटते. काल आळी पांगल्यावर आबांच्या पायाला तेल लावायला बसले तर रडूच फुटलं. तेच मला म्हणाले, रडू नको, पोरगं हुशार आहे.

आज सकाळी ते आपणहून माझ्याजवळ येऊन बसले. शपथ सोडली म्हणाले, कुंडलिकला लिही. मला वाटलं, मालिका बंद कर म्हणून सांगायचं असेल. तसं नव्हतं. "लई झ्याक लिव्हतंय पोरगं, बंद करू नगं म्हनावं. पर येक डाव त्या दणक्याला चुकू दे." म्हणजे एका शनिवारी भुतानं खरंच काही केलेलं नसावं. आणि दणक्यानं मग त्याला त्याच्या घरापर्यंत पोचवावं, त्याच्या बायकापोरांसमोर, आळीसमोर उभं राहून मोठ्यानं सांगावं की ह्यानं काही केलं नव्हतं. हसायचं कुठं ते तू ठरव, त्यातलं आम्हाला कळत नाही. मी विचारलं, माफी मागायला लावू का त्याला? म्हणाले, "माफी नगं. निस्तं सांगू दे." यासाठीच हे पत्र आहे, बाळा. आणि ते ऐकून भूत काय म्हणेल, असं मी आबांना विचारलं. तर म्हणाले, "त्ये काय म्हननार? घरात जाऊन निवांत झोपंल."

तुझीच,
आक्का