स्वयंपाकघरातली कानडी

गुलबर्गा,
२० ऑक्टोबर १९५६

प्रिय श्रीपत,

तुझी चिठ्ठी परीक्षेच्या आदल्या दिवशी शिपायाने आणून दिली. "जुनी ओळख आहे, सांभाळून घे" एवढं एक वाक्य लिहायचं होतं, त्यासाठी तू अर्धा कागद हवापाण्यावर घालवलास. पाच वर्षांतलं तुझं हे पहिलं पत्र. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. तेव्हा या म्हणीत मी कोण, ते तूच ठरव.

ओळख जुनी आहे हे मात्र खरं. तुमचं घर लातूरकडचं, अस्सल मराठी. शेजारी इरप्पाकडे कानडी, समोरच्या चाळीत दखनी उर्दू. आमचं घर तेवढं मिसळीचं. अप्पा मराठी शाळेत मास्तर, आई रायचूरकडची. त्यामुळे अप्पांशी मराठी, आईशी कानडी आणि दूधवाल्याशी भांडण दखनीत. तू कानडी शिकलास ती आमच्या चुलीपाशी. 'हसिवागेद', म्हणजे भूक लागलीय, हा तुझा पहिला शब्द. तो म्हटलास की आई तव्यावरची भाकरी थेट तुझ्या ताटात टाकायची आणि मी दुसरीची वाट बघत बसायचे. मोठा झाल्यावरही तू तेच म्हणत यायचास. तेव्हा भूक निमित्तापुरती होती, हे आईलाही कळत होतं.

एक्कावन्नच्या उन्हाळ्यात तुझ्या आई मला रीतीने बघायला आल्या. गल्लीत रोज दिसणाऱ्या मुलीला काय बघायचं, पण आम्हीही हौसेने पाट मांडले. त्यातला एक माझ्या हातून निसटून अंगठ्यावर पडला आणि मी ओरडले, "अव्वा!" झालं. तुझ्या आईंनी, सरस्वतीबाईंनी, पोह्यांची बशी खाली ठेवली. "पोरगी देखणी हाय, पण दुखलं-खुपलं तर कानडीत वरडायलीय. उद्या हिची लेकरं मला आजी म्हणायची न्हाईत." अप्पा काहीबाही सांगू लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तुला म्हणाली, "नीनरे हेळप्पा." तू तरी सांग रे बाबा. खोलीतल्या पाहुण्यांत ते वाक्य फक्त तुला कळलं. तू छताकडे बघत राहिलास. दिवाळीनंतर उदगीरची मुलगी करून आणलीस.

माझं दुःख मी गिळलं. लोक मोडलेली लग्नं विसरतात, मीही विसरले असते. पण त्या दिवसानंतर काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. आई कानडी बोलायची थांबली. तिच्यामुळे माझं लग्न मोडलं असं तिने मनाशी घेतलं. माझ्याशी, अप्पांशी, देवाशीही ती मोडकंतोडकं मराठी बोलू लागली. 'तो आली', 'ती गेला'. मी कानडीत विचारलं तरी उत्तर मराठीत. शेजारच्या इरप्पाची बायको गंगम्मा बोलायला यायची, तिलाही आई मराठीत "बस" म्हणायची. शेवटी बिचारीने येणं सोडलं. स्वतःच्या घरात बाई पाहुणी होऊन राहिली. गेल्या आषाढात ती गेली. शेवटचं पाणीसुद्धा तिने मराठीत मागितलं, आणि तेही चुकीचं. मी तुला त्या क्षणी शाप दिला. हे लिहिताना मला काडीचा संकोच वाटत नाही.

आता एक नोव्हेंबरला आपला जिल्हा म्हैसूर राज्यात जाणार म्हणून तुमच्या कचेरीत कानडीची तोंडी परीक्षा ठेवली, आणि मुलींच्या शाळेत कानडी शिकवणारी पंडित म्हणून मला बोलावलं. नापास होईल त्याची बदली नांदेडकडे. तुझ्या आई आजारी आहेत, त्यांना हलवता येणार नाही, हेही तू चिठ्ठीत लिहिलंस. परवा तू समोर बसलास आणि घडाघडा बोललास. सगळ्या कारकुनांत तुझी कानडी उत्तम होती. मध्येच तू "याकप्पा", का रे बाबा, म्हणालास ते हुबेहूब माझ्या आईसारखं, शेवटचा स्वर लांबवून. आईने जी भाषा माझ्या देखत टाकली, ती तुझ्या तोंडात धडधाकट होती. मी विरघळेन असं तुला वाटलं असावं, कारण तू हसलास.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'भाषा समजते. बोलता येत नाही.' कागद आज सकाळी वर गेला. हा अन्याय आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते तुझ्याकडे लेखी असावं म्हणूनच हे पत्र. पुरावा म्हणून खुशाल दाखव, खाली माझी सही आहे. फक्त ते साहेबांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवावं लागेल, पाट पडला ते आणि तू छताकडे बघितलंस तेही. तुझ्या आईंसाठी तेवढं तोंड उघडता येतंय का, बघ.

एके काळी तुझीच होते,
नलिनी