ज्याचा स्टिकर, त्याची वस्तू

मी, लोरेन डिट्मार, वय सत्त्याहत्तर, राहणार डेटन, ओहायो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, मला कोणी फूस लावलेली नाही आणि माझी बुद्धी शाबूत आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. हृदय मात्र शाबूत नाही. येता हिवाळा निघेल याची खात्री ते देत नाहीत. वकीलसाहेब म्हणाले, "मुद्द्याचं तेवढंच लिहा." मुद्दा एकच आहे. माझ्यानंतर माझा नवरा वेंडेल कोणाकडे राहणार? बाकी सगळे सामान आहे.

कलम पहिले. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत सगळे काही माझा मुलगा क्रेग आणि मुलगी डेनिस यांना समान वाटून दिले होते. समान वाटणी कशी असते ते मी मागच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला डोळ्यांनी पाहिले.

ते सांगण्याआधी वेंडेलविषयी सांगितले पाहिजे. त्याची सगळी नोकरी गावातल्या फर्निचरच्या दुकानात गेली. गिऱ्हाईकाने सोफा पसंत केला की वेंडेल त्यावर स्टिकर थापायचा आणि दुकानभर ऐकू जाईल असे ओरडायचा, "विकला! आता कोणी हात लावायचा नाही!" मी तिथेच गल्ल्यावर बसायची. एका शनिवारी त्याने तो स्टिकर माझ्या मनगटावर थापला आणि तसाच ओरडला. आमचे लग्न जमले ते असे. आता त्याला यातले काही आठवत नाही. तो मला 'मॅडम' म्हणतो आणि कोणता रंग दाखवू असे विचारतो.

तर थँक्सगिव्हिंगला मी भाजलेली टर्की कापत होते आणि मुले स्टिकरांच्या गुंडाळ्या घेऊन, माझ्यानंतर कोणती वस्तू कोणाची ते ठरवत घरभर फिरत होती. क्रेगचे निळे, डेनिसचे पिवळे.

"आई, हे आत्ताच उरकून टाकू या. नंतर तुला कटकट नको," डेनिस म्हणाली.

"मेल्यावर मला कसली कटकट गं?"

"बघ, लगेच वाकड्यात शिरतेस!"

काचेच्या कपाटावर आधी निळा लागला, मग पिवळा, मग एकमेकांचे स्टिकर नखाने खरवडणे सुरू झाले. पन्नाशीच्या घरातली माणसे! ताटातले जेवण गार झाले, त्याचे कोणाला काही नाही. मग क्रेग बापाच्या आरामखुर्चीकडे वळला. खुर्ची खऱ्या चामड्याची आहे, हल्ली तसली मिळत नाही. तिच्यात वेंडेल बसलेला होता.

"बाबा, जरा हात वर घ्या ना."

वेंडेलने हात वर घेतला. क्रेगने खुर्चीच्या हातावर निळा स्टिकर दाबून लावला.

"उत्तम निवड केलीत साहेब," वेंडेल म्हणाला.

सगळे हसले. मला हसू आले नाही. हातातली सुरी मी खाली ठेवली आणि विचारले, "आणि खुर्चीतल्या माणसाचं काय?"

"बाबांसाठी मी एक जागा बघून ठेवलीय आई. इतकी छान आहे! वृद्धाश्रम वाटतच नाही, दारातच केवढा मोठा फिश टँक आहे."

"तुझ्या घरात पाच खोल्या रिकाम्या आहेत, डेनिस."

"रिकाम्या कुठे? एक व्यायामाची आहे, एक भेटवस्तू गुंडाळायची आहे..."

"आणि माझ्याकडे तर पाय ठेवायला जागा नाही, तुला माहीतच आहे," क्रेग म्हणाला.

मला माहीत आहे. त्याचे गॅरेज तीन गाड्यांचे, आणि तिन्ही गाड्या रस्त्यावर. आत सामान भरलेले, तिथे जे मावले नाही ते भाड्याच्या गोदामात. अंगणात एक बोट उभी आहे, तिने तळ्याचे पाणी एकदाच पाहिले. ते सगळे जपण्यासाठी हा मुलगा रविवारीही काम करतो आणि बापाला भेटायला सवड नाही म्हणतो. घरे एवढाली बांधली आणि त्यात एका म्हाताऱ्याला जागा नाही! मला याचा संताप येतो. तो कागदावर राहावा म्हणूनच हे लिहिते आहे.

कलम दुसरे. ज्या वस्तूवर ज्याचा स्टिकर, ती वस्तू त्याची. मुलांचाच नियम आहे, मी तो मोडत नाही. मात्र ती त्याने नेलीच पाहिजे. विकायची नाही, फेकायची नाही, कोणाच्या गळ्यात मारायची नाही. जाताना दोघेही उरलेल्या गुंडाळ्या इथेच विसरून गेले. त्या मी तळघरात वापरल्या. तेव्हा पाव भाजायची तीन यंत्रे, कपडे वाळत घालायची व्यायामाची सायकल, नाताळची दिव्यांची हरणे आणि खोकी न उघडलेले दोन डिनर सेट यांचे मालक आता ठरलेले आहेत. आम्ही नवराबायकोही काही संत नव्हतो. दुकानात नोकरांना सवलत मिळायची.

कलम तिसरे. राहते घर विकावे. येणारी सर्व रक्कम आणि बँकेतली शिल्लक वकील हॅनरहान यांच्या देखरेखीखाली वेंडेलच्या पालनपोषणासाठी ठेवावी. वेंडेल टॅमीकडे राहील आणि त्याच्या पश्चात जे उरेल ते तिला द्यावे.

टॅमी ही क्रेगची घटस्फोटित बायको. क्रेगने तिला सोडले, तिने आम्हाला सोडले नाही. ती मला अजून आईच म्हणते. दर मंगळवारी येते, वेंडेलची दाढी करते, नखे कापते आणि त्याच्याकडून एक सोफा 'विकत' घेऊन जाते. तिचे घर दोन खोल्यांचे. मी तिला भीतभीतच विचारले, कारण असे ओझे कोणी कोणाला मागू नये. नखे कापता कापता ती म्हणाली, "बाबा खुर्चीसकट येणार ना? मग मी माझा कोच काढून टाकते."

"टॅमी, नीट विचार कर गं."

"विचार कसला आई? कोचावर तसंही मांजरच बसतं."

जिच्याकडे जागा नव्हती तिने जागा केली. क्रेग आणि डेनिस यांनी हे कलम दोनदा वाचावे.

कलम चौथे. आरामखुर्ची वेंडेलबरोबर जाईल. क्रेग निळा स्टिकर दाखवून हक्क सांगेल, पण

इथवर लिहिले आणि हात थांबला, कारण वेंडेल खुर्चीतून उठून टेबलापाशी आला. खुर्चीचा निळा स्टिकर त्याने नखाने सोडवून आणला होता. माझा लिहिता हात धरला आणि तो माझ्या मनगटावर थापला.

"विकली! आता कोणी हात लावायचा नाही, मॅडम."

मी त्याचे नाव घेतले. त्याने मला ओळखले नाही. पण हात बराच वेळ सोडला नाही, आणि मी रडले.

तेव्हा चौथे कलम पुरे करते. खुर्चीवर आता कोणाचाही स्टिकर नाही. ती वेंडेलची आहे.

कलम पाचवे. हा निळा स्टिकर मी या कागदासोबत पाकिटात ठेवत आहे. शवपेटीत ठेवताना तो माझ्या डाव्या मनगटावर लावावा. दुसऱ्या कलमाप्रमाणे निळा स्टिकर असलेली प्रत्येक वस्तू क्रेगने नेलीच पाहिजे, म्हणून मलाही त्यानेच न्यावे. सामान हलवणारी माणसे बोलवू नयेत. खांदा स्वतः द्यावा. तेवढा एक दिवस बापाला सोबत घ्यावे आणि त्याचा हात धरून चालावे.

हे सर्व मी वाचून पाहिले. बदलण्यासारखे काही नाही.

लिहून देणार: लोरेन डिट्मार (सही)

साक्षीदार, आम्हा दोघांच्याही समोर ही सही झाली:
१. ग्लेनिस पुर्डी, शेजारीण (सही)
२. हॉवर्ड शूमाकर, निवृत्त पोस्टमन (सही)

ठिकाण: डेटन, ओहायो
दिनांक: १७ सप्टेंबर २०२४, मंगळवार. टॅमी येईलच इतक्यात.