ओढ्याकाठच्या शेताचा पुरावा

फाल्गुन २०
मास्तरकी संपली, संशोधन सुरू. पूर्वी तिबेटच्या अधिकाऱ्यांनी आमच्या या सीमेवरच्या खोऱ्यातली घरं, माणसं, शेतं मोजली होती. ती वही गावच्या बौद्ध मठात आहे. आज तिचे मोबाइलवर एकशे बारा फोटो काढले. हेतू शुद्ध ज्ञान. शिवाय ओढ्याकाठचं शेत शेजारच्या खांड्रोचं नसून आमचं, हेही सिद्ध होईल. विधवा आहे, पण तोंडाने फटकळ.

फाल्गुन २१
रोज दहा पानं. बारा दिवसांत काम फत्ते.

फाल्गुन २९
अर्धं पान झालं. छापील तिबेटी पोथी मी घडाघडा वाचतो. हे सरकारी घाईचं अक्षर. दोष लिहिणाऱ्याचा. बायको पेमा म्हणाली, अहो, लामा रिगझिनना येतं ते, त्यांना विचारा की. संशोधनात लुडबुड नको, म्हटलं.

चैत्र ४, सकाळी
सापडलं! आमच्या घराचं नाव, पुढे 'धूर लहान'. अर्थ उघड आहे: चूल उत्तम, म्हणजे घराणं मोठं. पेमा खोकत म्हणाली, मग ही चूल कुणाची? विषय बदलला.

चैत्र ११
गावबैठकीत दावा ठोकला. पेरणीआधी वही सगळ्यांसमोर वाचायची ठरली. खांड्रो म्हणाली, ऐकू या की मास्तर, तोवर माझ्या बांधावरून चालू नका. आता ओढ्यावर वळसा घालून जातो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

चैत्र १८
पेमाने अबोला धरलाय. तिच्या बाळंतपणात खांड्रोने महिनाभर गरम सूप आणून दिलं होतं म्हणे. काल म्हणाली, शेत मिळेल हो, खांड्रो कुठून आणाल? इतिहासात भावना चालत नाहीत, हे समजावलं. जेवायला कोरडं सातूचं पीठ मिळालं.

चैत्र २५
वाचन झालं. लामा रिगझिनांनी वाचलं, मुद्दाम सावकाश. 'धूर लहान' म्हणजे स्वतःची जमीन नसलेलं घर. आमचा मूळपुरुष: 'वाकड्या नाकाचा एक, बायको एक, शेळी एक. मुक्काम शेजारच्या घराच्या गोठ्यात.' म्हणजे खांड्रोच्या घराण्याच्या. ओढ्याकाठचं शेत तिचंच. आणि आमच्या दारापुढचं, मी जन्मभर कसलेलं, तेही तिचंच. 'गरज असेतो' दिलेलं.
कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.
पंचांनी खांड्रोला विचारलं, परत घेतेस का? तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, गरज आहे अजून, दिसतंय की. राहू दे त्यांच्याकडे.

चैत्र २६
मोजणारा अधिकारी नक्की प्यालेला होता. यावर लेख लिहीन. नाकाबद्दलचा मजकूर तर सरळ बदनामी.

वैशाख २
खांड्रोचा बैल पेरणीच्या तोंडावर मेलाय. माझी जोडी घेऊन गेलो. आधीच बजावलं, वहीचा याच्याशी काही संबंध नाही, डॉक्टरने व्यायाम सांगितलाय.
ती म्हणाली, बरं झालं मास्तर, इथे सहा दिवसांचा व्यायाम आहे.